ज्याचा पेला त्याच्यापाशी

आमच्या अमरावतीच्या घरात पाण्याचे पेले मांडणीवर नसत, खुंटीवर असत. दारातून आत आलं की डाव्या हाताला दोन खुंट्या होत्या. एकीवर बाबांची खादीची पिशवी, दुसरीवर माझी, आणि प्रत्येक पिशवीत एक पितळी पेला, तळाशी नाव कोरलेला. बाहेर पडताना चपलेच्या आधी पिशवी खांद्याला लागे. शाळेत, लग्नात, वलगावला मावशीकडे, कुठेही गेलं तरी पाणी आपल्या पेल्यात घ्यायचं, चहासुद्धा त्यातच. पिऊन झालं की स्वतः उठून पेला विसळायचा, फडक्याने पुसायचा आणि पुन्हा पिशवीत ठेवायचा. आईची पिशवी नव्हती. बाबांनी तिलाही एक पेला आणून दिला होता. तिने त्यात मोहरी भरून ठेवली.

मिहिर, अन्वी, तुमच्या बैठकीतल्या काचेच्या कपाटाचा जो फोटो तुम्ही दिवाळीला पाठवलात, त्यात मधल्या फळीवर हाच बाबांचा पेला आहे. तुमच्या आईने त्याखाली एक सुबक इंग्रजी पट्टी लावली आहे: पणजोबांनी समतेच्या चळवळीत वापरलेला पेला. फोटो मी मोठा करून पाहिला. पेला तुम्ही घासून लख्ख ठेवला आहे. मी फोन पालथा ठेवला. तुमचा यात काही दोष नाही, तुम्हाला कुणी सांगितलंच नाही. सांगायला हवं होतं ते मी, आणि मी साठ वर्षं गप्प बसले.

मला गोष्टी क्रमाने सांगायची सवय आहे. तीही त्या माणसाचीच देणगी. आमच्या भागातले ते मोठे पुढारी, सगळे त्यांना काकाजी म्हणत, मीही तेवढंच म्हणेन. त्यांचं पूर्ण नाव मी लिहिणार नाही. त्यांची मुलं-नातवंडं आज राजकारणात आहेत म्हणून नव्हे, तर मला ते नाव माझ्या हाताने पुन्हा लिहायचं नाही म्हणून. ते उंच होते, रोज दाढी गुळगुळीत केलेली, आवाज खर्जातला. भाषणात मूठ आवळत नसत. उजवा तळहात लोकांसमोर उघडा धरत, जणू पाहा, यात काही लपवलेलं नाही. बाबा हायस्कुलात भूगोल शिकवायचे. त्यांनी काकाजींना पहिल्यांदा ऐकलं ते वलगावच्या बाजारात, आणि त्या दिवशी घरी आले ते वेगळेच होऊन आले.

आमच्या दाराबाहेरच्या भिंतीतल्या देवळीत तेव्हा एक कान तुटलेला कप असे. गल्लीतल्या प्रत्येक घराबाहेर असाच एक कप असे. संडास साफ करायला येणारी बाई आणि सरपणाची मोळी घेऊन येणारा म्हातारा यांना त्या कपात वरून चहा ओतला जाई. प्यायल्यावर ते तो धुऊन परत देवळीत ठेवत. हा कप कोणाचा, असं मी कधी विचारलं नाही. ऊन, सावली, देवळीतला कप, असंच ते होतं. वलगावहून आलेल्या बाबांनी जोडेही काढले नाहीत. कप उचलला आणि पायरीच्या दगडावर आपटला.

आई स्वयंपाकघरातून हात पुसत आली. "फोडला खरा. पण उद्या तो मोळीवाला आला तं त्याले चहा कायच्यात देऊ?"

"आपल्या कपात."

"मंग आपल्या कपात दे म्हणा ना. फोडाचं काय काम होतं? दोन आण्याचा कप होता."

दुसऱ्या दिवशी तिने मोळीवाल्याला आमच्या कपात चहा दिला. भाषण केलं नाही, गल्लीला सांगितलं नाही. मोळीवाला जरा घाबरला, एवढंच. हे मी इथे मुद्दाम नोंदवते, कारण आईच्या गळ्यात या कामासाठी कोणी कधी हार घातला नाही.

त्यानंतर पेले आले. काकाजी कुठेही गेले तरी त्यांच्याजवळ त्यांचा स्वतःचा पितळी पेला असे, आणि पाणी फिरकीच्या तांब्यातून. घट्ट फिरकीचं झाकण लावलेला मोठा तांब्या, प्रवासात पाणी सांडू नये म्हणून. कोणी विचारलं तर ते हसून सांगत, "दुसऱ्याच्या घरच्या बाईनं आपलं उष्टं भांडं कावून घासावं? तिले काय कमी कामं आहेत? ज्याचा पेला त्याच्यापाशी." मी तेव्हा पंधरा वर्षांची होते. घरात भांडी घासायची पाळी कोणाची ते मला चांगलं ठाऊक होतं. एका मोठ्या पुरुषाने हे बोलावं याने मी भारावून गेले. बाबांसारखे त्यांचे सगळे भक्त पेले घेऊन हिंडू लागले. सभेला गर्दी बसली की पिशव्यांमधून पितळेची किणकिण येई. पितळी भांडी विकणाऱ्या कासारांची चैन झाली. आई म्हणायची, "पहिले एक कप घराबाहेर होता. आता घरातले सारेच आपापला कप घेऊन बाहेर निंघाले."

काकाजी अमरावतीत आले की आमच्याकडे जेवत. सकाळी कापसाच्या जिनाचा भोंगा झाला की आई चुलीला लागे. ज्वारीच्या पातळ भाकरी, पातोडीची रसाची भाजी, कढी, आणि उन्हाळा असला तर कैरीचा तक्कू. पातोडीच्या रसाला खसखस-खोबरं भाजल्याचा वास गल्लीच्या तोंडापर्यंत जाई आणि शेजारीण विचारी, "काकाजी येऊन राहिले वाटते?" ते मांडी घालून बसत, मनापासून जेवत, वाटी पुढे करून रसा मागत. जेवता जेवता माझा अभ्यास घेत. मला इंग्रजी शाळेत घाला, असं बाबांना त्यांनीच सांगितलं. पोरीले इंग्रजी आलं पाहिजे, म्हणजे तिले कोणी फसवणार नाही, हे त्यांचं वाक्य. मी पुढे जी काही शिकले, कॉलेजात जे शिकवलं, तुमचे आजोबा ज्या पुस्तकांवरून माझ्याशी भांडले, त्या सगळ्याची सुरुवात त्या वाक्यात आहे. हे नाकारता येत नाही, आणि म्हणूनच ते गिळतानाही त्रास होतो. आलेल्या पत्राला त्याच दिवशी उत्तर, पहाटे उठणं, अंथरूण आपलं आपण उचलणं, या सगळ्या वळणाखाली त्यांची सही आहे. तुम्ही मला चिडवता त्या शिस्तीचीही.

एकदा ते जेवून गेल्यावर आई ताटं उचलत होती. ती सहज म्हणाली, "आपल्या घरी त्यायचा पेला पिशवीतून निंघत नाई, पाह्यलं का? आपल्या गिलासानं पाणी पितात. इथं मी घासलं तं चालते वाटते."

बाबा म्हणाले, "घरच्यासारखं मानतात आपल्याले."

"हां," आई म्हणाली, "तेच म्हणून राहिली मी."

मी हे ऐकलं होतं. दोघांमध्येच बसले होते. कानावर आलेलं डोक्यात शिरायला किती वेळ लागतो, हे त्या माठासारख्या माझ्याकडे पाहून समजावं.

अकोल्याला बाबांचे मित्र होते, तायडे गुरुजी. दोघांनी शिक्षकाचं प्रशिक्षण एकत्र घेतलेलं. तायडे मूळचे हिवरखेडचे. त्यांच्या घराने आणि सगळ्या आळीने बौद्ध धम्म घेतला होता, आणि गुरुजी त्यांच्यातले पहिले सरकारी मास्तर. त्यांच्या शब्दावर गाव उठे आणि बसे. त्यांची मुलगी सुमन माझ्याच वयाची. सुट्टीत आम्ही त्यांच्याकडे जात असू. सुमन आणि मी छपरीत बसून कच्च्या कैऱ्या तिखटमिठाशी खात असू, आणि पाठीमागच्या दालमिलचा घरघराट दिवसभर चाले. त्या घरी पोचलो की तायडे काकू पाण्याचे पेले घेऊन येत आणि आम्ही बापलेक पिशवीतून आपापला पेला काढून पुढे धरत असू. ऐटीत. काकू त्यात तांब्याने पाणी ओतत आणि आपले भरलेले पेले तसेच परत नेत. एकदा त्या म्हणाल्या, "तुमचे पेले लय चमकतात, विजूबाई." मी म्हणाले, चिंचेने घासते, मी स्वतः.

त्या वर्षी मे महिन्यात काकाजींनी अकोल्याला तायडे गुरुजींच्या घरी यायचं कबूल केलं. पुढे निवडणूक होती. गुरुजींनी आसपासच्या गावांतले जाणते लोक बोलावले होते. त्यांच्या घरी इतका मोठा माणूस जेवायला बसणार होता, आणि त्यांनी तसं चारचौघांत सांगून टाकलं होतं. सकाळी जीप निघाली. पुढे चालक आणि काकाजी, मागे बाबा आणि मी. मी यासाठी, की स्वागताचं पत्र मला वाचायचं होतं, आणि फिरकीचा तांब्या सांभाळायचं काम माझ्याकडे होतं. त्या कामाचा मला केवढा अभिमान. मूर्तिजापूर मागे पडलं आणि माझ्या पायांना गार लागलं. फिरकी नीट बसली नव्हती. सगळं पाणी जीपच्या तळाशी सांडून गेलं होतं. मी बोलले नाही. व्यवस्थित मुलगी म्हणून माझी ख्याती होती. अकोल्याला उतरल्याबरोबर तांब्या पदराआड धरून मी सरळ काकूंच्या स्वयंपाकघरात गेले.

काकू पहाटेपासून पुरण वाटत होत्या. पोळ्यांची चळत, आमरसाचं पातेलं, तळलेल्या कुरडया, आणि सगळ्या घरात वेलदोड्याचा वास. म्हणाल्या, "काय झालं वं?" मी सांगितलं. त्या हसल्या, माझ्या हातातून तांब्या घेतला आणि कोपऱ्यातल्या माठातून भरून दिला. माठात वाळा टाकलेला होता. "फिरकी मी लावून देतो," सुमन म्हणाली, "तुले जमत नाई ते." आमच्याकडे मुली तेव्हा असंच बोलत.

बाहेरच्या खोलीत पाय ठेवायला जागा नव्हती. लोक दारात, खिडकीत, ओट्यावर. काकाजींनी पिशवीतून पेला काढला, मी तांब्यातून ओतलं. उन्हाने त्यांचा घसा सुकला होता. एक पेला प्याले, दुसरा मागितला, तोही प्याले. ओठ पुसून म्हणाले, "आज पाणी लय गोड लागून राहिलं. अमरावतीचं असं कधी लागलं नाई."

मी म्हणाले, "काकूंच्या माठातलं आहे, काकाजी. वाळा टाकलाय त्यांनी."

मी ते अभिमानाने म्हणाले. आजही मी डोळे मिटले की ती खोली दिसते. तायडे गुरुजी भिंतीला टेकून उभे होते, ते सरळ झाले. त्यांचे डोळे भरून आले. मला तेव्हा वाटलं, पाण्याची तारीफ झाली म्हणून. खोलीतल्या प्रत्येक माणसाला त्या पेल्याचा अर्थ ठाऊक होता, फक्त ज्यांच्या खांद्याला पेले होते त्या आम्हा दोघांना नव्हता. आणि आता तो पेला त्यांच्या पाण्याने भरला होता आणि दोनदा रिकामा झाला होता. काकाजींच्या चेहऱ्यावरचं हसू तसंच राहिलं, खिळ्याला अडकवलेल्या तसबिरीसारखं. मग ते उठले, रिकामा पेला उंच धरला आणि बोलू लागले. पाण्याला जात नसते. तहानेला जात नसते. उजवा तळहात उघडा. त्यांचं याहून चांगलं भाषण मी ऐकलं नाही. म्हातारी माणसं रडली. मीही रडले.

भाषण संपल्यावर त्यांनी घड्याळ पाहिलं. पुढे तातडीचं काम निघालं आहे, जेवायला थांबता येणार नाही. पानं वाढलेली होती. गुरुजी मान हलवत राहिले. काकू मात्र आत गेल्या आणि तीन खणांचा पितळी डबा भरून घेऊन आल्या. त्यावर त्यांचं नाव घातलेलं होतं. गुरुजींच्या पहिल्या पगारात घेतलेला तो डबा, सुमनने मला पूर्वीच सांगितलं होतं. "वाटेत खाऊन घ्या म्हणा त्यायले," काकू माझ्या हातात डबा देत म्हणाल्या. "पोळ्या गरम हायेत."

काटेपूर्णा नदीशी जीप थांबली. भर दुपार, नदी आटलेली, पुलाखाली एक हिरवट डबकं आणि बाकी वाळू. काकाजी उतरून बाभळीमागे गेले, आणि आम्हाला आवाज आला. एकदा, दोनदा, तीनदा. मी घाबरून खाली उतरले. त्यांनी दोन बोटं घशात घातली होती. कोरडे उमाळे येईपर्यंत ते काढत राहिले. माणूस आजारी पडून ओकतो ते मी पाहिलं होतं, हे तसं नव्हतं. हे काम होतं, नीट, पद्धतशीर, संपेपर्यंत करायचं. चालकाला काही विचारावं लागलं नाही. त्याने पेला आणि तांब्या डबक्यावर नेऊन मातीने घासले, धुतले, पुन्हा घासले. मग बाभळीच्या वाळक्या काड्या गोळा करून जाळ केला आणि पेला चिमट्यात धरून त्या जाळावर फिरवू लागला. चिमटा त्याच्या सीटखालीच होता. बाटलेलं पितळ विस्तवाने शुद्ध करतात, हे मला ठाऊक होतं. माझ्या आजोळी करत. सीटखाली चिमटा का असतो, हे मला त्या क्षणी कळलं, आणि ज्या ज्या घरी ते गेले ती सगळी घरं एकदम डोळ्यांसमोर आली.

बाबा धोतराच्या सोग्याने काकाजींना वारा घालत होते. "ऊन बाधलं," ते म्हणत होते, "ऊन बाधलं."

काकाजींनी तोंड पुसलं. माझ्यावर ते रागावले नाहीत. हळू आवाजात, वळण लावावं तसं म्हणाले, "बेटा, पाणी कुठलं ते आधी सांगाचं असते." मग जीपकडे पाहून, "आणि तो डबा."

चालक हात पुसत उठला, पण बाबा आधी पोचले. त्यांनी मागच्या सीटवरून काकूंचा डबा उचलला, बाभळीखाली नेला आणि वाळूवर ठेवला. फेकला नाही. हळुवार ठेवला, पडू नये म्हणून थोडा रुतवलाही. मग जीपमध्ये येऊन बसले. डब्याला हात लावला तर पोळ्या अजून गरम लागतील, असं काहीतरी वेड्यासारखं माझ्या मनात आलं. जीप वळली तेव्हा पुलाकडून एक कुत्रं खाली उतरत होतं.

काकाजींची किळस आली हे सांगायला नको. पण त्या माणसाने निदान आपलं काम केलं. मला जास्त किळस आली ती त्या हळुवार हाताची. देवळीतला कप दगडावर आपटणारे माझे बाबा. तोच हात.

दुसऱ्या दिवशी सकाळी बाबांनी मला कागद घेऊन बसवलं. काकाजींच्या नावाने तायडे गुरुजींना पत्र लिहायचं होतं, त्यांची सही बाबा नंतर आणणार होते. माझं अक्षर चांगलं. बाबांनी सांगितलं, मी लिहिलं: आपल्या घरच्या पाण्याची गोडी आणि आपल्या सौभाग्यवतींच्या हातच्या पोळ्यांची चव मी कधी विसरणार नाही. पोळ्यांपाशी माझी लेखणी थांबली.

"बाबा, पोळ्या तर..."

"लिही."

"पण डबा तुम्हीच..."

त्यांनी दार लोटून घेतलं. आई पलीकडे होती. "विजू, माणूस लहान असते, इचार मोठा असते. त्या इचारासाठी माणसाले झाकून घ्या लागते. त्यायच्या भाषणानं किती घरचे कप फुटले, माहीत आहे तुले? हे बाहेर गेलं तं ते सारे कप पुन्हा देवळीत येतीन." ते रडवेले झाले होते. त्यांना हे खरंच वाटत होतं, हीच तर गोष्ट आहे. मी लिहिलं. शेवटची ओळ सरळ आली का तेही पाहिलं. बाबा कागद घेऊन बाहेर गेले तेव्हा आई दारात आली, माझ्याकडे पाहिलं आणि एवढंच म्हणाली, "डबा कोनाचा होता?" मी सांगितलं. ती आत गेली.

पत्र गुरुजींनी चौकटीत घालून भिंतीवर लावलं. ते पत्र घेऊनच म्हणा, ते गावोगाव फिरले. माझ्या घरचं पाणी प्याले, माझ्या घरच्या पोळ्या त्यांना गोड लागल्या, हे पाहा. हिवरखेडपासून सगळी आळी त्यांच्या शब्दावर उभी राहिली आणि काकाजी निवडून आले. वर्षभरात तिकडच्याच एका गावात विहिरीवरून मारहाण झाली. बायांच्या कळशा फोडल्या. गुरुजी काकाजींकडे गेले. काकाजींनी सबुरीचा सल्ला दिला आणि गावात पाऊल टाकलं नाही. गुरुजी परत आले तेव्हा त्यांच्याच लोकांनी विचारलं, "तुह्या घरचं पाणी पिलेला माणूस आमच्या इहिरीवर कावून येत नाई, मास्तर?" हे सगळं आमच्याकडे पोचत होतं. बाबा ऐकत, आणि रविवारी आपला पेला चिंचेने घासत. काकाजी वारले तेव्हा बाबा तीन दिवस जेवले नाहीत. अखेरपर्यंत त्यांनी घरात कोणाला जात विचारली नाही, आणि अखेरपर्यंत तो पेला वापरला. दोन्ही खरं आहे, आणि ही बेरीज मला कधी जमली नाही.

मी माझा पेला त्या नदीनंतर पुन्हा खांद्याला लावला नाही. लग्न झालं, शिकवू लागले, तायड्यांकडे जाणं टाळलं. गुरुजी गेले तेव्हा पत्र पाठवलं. त्याच दिवशी, अर्थात.

तुमचा फोटो आला त्यानंतरच्या आठवड्यात मी अकोल्याला गेले. सुमन मुख्याध्यापिका म्हणून निवृत्त झाली आहे. आता गुडघे दुखतात, आवाज तोच. बस उन्हातून आलेली. तिने मला बसवलं, पाण्याचा पेला पुढे ठेवला आणि समोर बसली. मी बोलत होते, कुठून सुरुवात करावी ते शोधत होते, आणि बोलता बोलता पर्समधून माझी पाण्याची बाटली काढून झाकण उघडलं. तीच बाटली, जी मी कुठेही जाताना नेते, डॉक्टरांनी बाहेरचं पाणी पिऊ नका म्हटलंय म्हणून. डॉक्टरांनी खरंच म्हटलं आहे. तुम्ही विचारून पाहा.

सुमनने बाटलीकडे पाहिलं. मग हसली, अगदी पोटापासून. "घ्या," ती म्हणाली, "आला कासार."

मला कळलं नाही. तिने सांगितलं, "आई म्हणायची. तुमी दोघं गल्लीत दिसले का म्हणायची, आले कासार, घ्या वं भांडे."

मी बाटली बंद केली आणि तिचं पाणी प्याले. पण झाकण आधी माझ्याच हातांनी उघडलं होतं. त्या हातांना मी काय सांगू? मग तिला सगळं सांगितलं. नदी, चिमटा, डबा, पत्र. तिने मध्ये एकदाही थांबवलं नाही. संपल्यावर म्हणाली, "अक्षर तुह्यं आहे हे मले तवाच समजलं होतं. छपरीत कैऱ्या खाल्ल्या आपण, अन् सुट्टी संपली का तुह्ये पत्रं यायचे मले."

"मग गुरुजींना सांगितलं का नाहीस?"

"बाबांनी पत्र वाचलं. त्यायले तेवढ्यानं झालं. आईले वाचता येत नव्हतं. ती डब्याची वाट पाहत होती." सुमन पदराने चष्मा पुसू लागली. "डबा परत आला असता तं खाल्लं असं समजली असती. आपल्याकडे कोनी कोनाचा डबा ठेवून घेते का? पंधरा दिवस झाले, महिना झाला. मंग एक दिवस बाबा त्या चौकटीवरची धूळ पुसून राहिले होते, तं आई म्हणाली, पुसा, पुसा. अन् बस. पुन्हा कधी बोलली नाई त्यावर."

मिहिर, अन्वी, तो पेला कपाटातून काढा. फेकू नका, त्याने तुमची सुटका होईल. रोजच्या वापरात घ्या. घरी येईल त्याला, नळ दुरुस्त करायला येईल त्यालाही, त्यातच पाणी द्या आणि मग त्याच पेल्यात तुम्ही प्या. पट्टीचं काय करायचं ते तुमच्या आईला ठरवू द्या.

निघताना सुमनने माझ्या हातात एक साधा स्टीलचा डबा दिला. उन्हाळ्यात घालून ठेवलेला कैरीचा तक्कू होता, तिच्या आईच्या हाताचा असायचा तसा. मी नको म्हणाले नाही. दारापर्यंत येऊन ती म्हणाली, "डबा आणून दे बरं. तुमच्याकडे आमचा एक बाकी आहे."

तक्कू मी चार दिवसांत संपवला, बोटं चाटून. डबा घासून, पुसून ओट्यावर ठेवला आहे. डबा रिकामा परत करत नाहीत. त्याला आता तीन आठवडे झाले. रोज सकाळी चहा करताना मी त्याच्याकडे पाहते आणि त्यात काय भरून न्यावं ते मला सुचत नाही.